कोठाराचा हिशेब मागणे हा द्रोह नव्हे

केनवडला (ता. रिसोड, जि. वाशीम) कारगिल विजय दिनाचा एक छोटासा कार्यक्रम होता. शाळेच्या पटांगणात शंभरेक माणसे जमली होती. अध्यक्षस्थानी पंचक्रोशीतील एक निवृत्त हवालदार होते. प्रमुख वक्ता तरुण होता, उत्साही होता आणि त्याचे वाचनही बरे होते. बोलण्याच्या भरात तो म्हणाला, “सैन्याच्या खर्चाचा हिशेब मागणारे लोक नकळत शत्रूचेच काम करीत असतात. सीमेवर रक्त सांडणाऱ्याला आपण पावत्या मागायच्या काय?” टाळ्या कडाडल्या. मीही सवयीने हात जोडले, पण टाळी काही वाजली नाही.

कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना हवालदारसाहेब हळूच म्हणाले, “सचिवभाऊ, पोरगं बोललं चांगलं. पण आमच्या पलटणीत कोतमधली रायफल रोज मोजून ठेवावी लागे. गोळीबाराच्या सरावानंतर एक रिकामं काडतूस कमी भरलं, तर सगळी कंपनी अंधार पडेस्तोवर मैदानात शोधत बसे. मोजणं हा द्रोह असेल, तर आमची अख्खी नोकरी द्रोहात गेली म्हणायची!”

सैनिक स्वतःच्या हातातील काडतुसाचा हिशेब देतो आणि त्यात त्याला अवमान वाटत नाही. मग त्या काडतुसाची मागणी नोंदविणारा, कंत्राट देणारा, ते बनविणारा, तपासून शिक्का मारणारा आणि दहा वर्षे कोठारात ठेवणारा यांना हिशेब विचारला की सैन्याचा अवमान कसा होतो? अवमानाची ही ढाल पुढे कोण करतो, याकडे नीट पाहिले पाहिजे. ती जवान करीत नाही. त्याच्या पाठीमागे उभा असलेला पुरवठादार, दलाल, फाइल अडवून बसलेला अधिकारी आणि अहवालावर बसून राहिलेला मंत्री ती करतो. आपण भाबडेपणाने ती ढाल धरायला त्यांना मदत करतो.

प्रस्तुत लेखकाने आयुष्याची तीस वर्षे सेवा सहकारी सोसायट्यांचा गटसचिव म्हणून काढली. ‘अ’ पासून ‘ड’ पर्यंतचे लेखापरीक्षणाचे सारे वर्ग पाहिले. एका सोसायटीत एकदा खताच्या साठ्याची नोंदवही आणि गोदामातील पोती यांचा मेळ बसत होता, संख्या बरोबर भरत होती. तरीही लेखापरीक्षकाने थप्पी उलगडायला लावली. तळची पोती ओल लागून दगडासारखी झालेली निघाली. नवी पोती वरच्या वर येत होती, वरच्या वर जात होती आणि जुनी तळाशी कुजत होती. कागदावर साठा होता, शेतकऱ्याच्या उपयोगाचा साठा नव्हता. त्या दिवशी मला लेखापरीक्षकाचा राग आला होता, हे मान्य केले पाहिजे. चूक माझ्याच देखरेखीची होती.

ही क्षुल्लक गोष्ट सांगण्याचे कारण असे, की आपल्या विदर्भातच याच गोष्टीचे भीषण रूप आपण पाहिले आहे. वर्धा जिल्ह्यातील पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार हे देशातील सर्वांत मोठ्या दारूगोळा कोठारांपैकी एक. दि. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तेथे आग लागली आणि स्फोटांनी आसपासची गावे हादरली. या दुर्घटनेत एकोणीस जण प्राणाला मुकले. त्यांत दोन लष्करी अधिकारी होते, आणि मोठी संख्या होती ती आगीशी झुंजणाऱ्या अग्निशमन कर्मचाऱ्यांची. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर आणि लष्करप्रमुख त्याच दिवशी पुलगावला धावले. पुढे जे बाहेर आले ते आगीपेक्षा अधिक अस्वस्थ करणारे होते. रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक द्रव्य पाझरत होते आणि या दोषाची जाणीव लष्कराला आगीच्या आधीपासून होती. सदोष सुरुंग बाजूला काढून ठेवले गेले, परंतु त्यांची वेळेवर विल्हेवाट लागली नाही. कोठारात ते राहिले.

माझ्या तळच्या पोत्यांनी फार तर एका हंगामाचे नुकसान केले. पुलगावच्या तळच्या मालाने एकोणीस घरे उजाड केली. या एकोणीस जणांना शत्रूची गोळी लागलेली नाही. कोठाराचा हिशेब ज्याला आपण रूक्ष, कारकुनी काम म्हणतो, त्या कामातील हयगयीने ते गेले. त्यांच्या श्राद्धाच्या दिवशी हिशेब मागणाऱ्याला द्रोही म्हणण्याचे धैर्य कोणी करील काय?

दोनच वर्षांनी, दि. २० नोव्हेंबर २०१८ रोजी, त्याच पुलगावच्या परिसरात निकामी करण्यासाठी आणलेला जुना दारूगोळा उतरविताना स्फोट झाला. सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत आसपासच्या गावांतील रोजंदारीवरचे कंत्राटी मजूर होते. दारूगोळा जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीचा, मैदान वर्धा जिल्ह्याचे आणि खोके उतरविणारे हात सोनेगावसारख्या खेड्यांतल्या, दोन वेळच्या भाकरीची भ्रांत असलेल्या माणसांचे. असे काम कंत्राटाने द्यावे काय, कंत्राटदाराची पात्रता कोणी तपासली, मजुरांना प्रशिक्षण कोणी दिले, हे प्रश्न लेखापरीक्षणाचेच आहेत. लेखापरीक्षण म्हणजे केवळ रुपया-आण्यांची बेरीज, हा समज कोठेतरी सोडला पाहिजे. दि. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत झालेल्या स्फोटात आठ कामगार गेले. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळच्या एका खासगी स्फोटक कारखान्यात नऊ कामगार गेले. भद्रावती, भंडारा, अंबाझरी, पुलगाव ही नावे देशाला नकाशावर शोधावी लागतात. आपल्या वऱ्हाड-विदर्भातल्या मुलांना तेथे नोकऱ्या मिळतात आणि कधी कधी तेथूनच त्यांचे मृतदेह घरी येतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक हे पद राज्यघटनेच्या १४८ व्या अनुच्छेदाने निर्माण झाले. त्यांचा अहवाल राष्ट्रपतींकडे जातो, तेथून संसदेसमोर येतो आणि लोकलेखा समिती त्याची छाननी करते. या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत १९६७ पासून पाळला जातो. संरक्षण खात्याचे अंतर्गत लेखे पाहणारी संरक्षण लेखा विभागाची यंत्रणा वेगळी आहे, तिची मोठी कार्यालये आपल्या पुण्यातही आहेत. म्हणजे व्यवस्था नाही असे नाही. व्यवस्था आहे, अहवालही निघतात. ते वाचून काही करण्याची इच्छा मात्र दुर्मीळ आहे.

दारूगोळ्याचेच पाहा. तीव्र युद्ध चाळीस दिवस चालले तर पुरेल एवढा साठा सैन्याकडे असावा, असा दंडक आहे. चाळीस जमत नसेल तर निदान वीस दिवसांचा तरी साठा असावा, ही धोक्याची किमान पातळी मानली गेली. मे २०१५ मध्ये संसदेत ठेवलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने काय दाखविले? मार्च २०१३ मध्ये दारूगोळ्याच्या १७० प्रकारांपैकी १२५ प्रकार या किमान पातळीच्या खाली होते आणि निम्मे प्रकार तर दहा दिवसही पुरणारे नव्हते. हे सारे संपुआच्या राजवटीत घडले होते आणि आपण त्यावर यथेच्छ लिहिले, बोललो. योग्यच केले. पण जुलै २०१७ मध्ये त्याच विषयावरचा पुढचा अहवाल आला. सप्टेंबर २०१६ ची स्थिती त्यात होती. १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकार दहा दिवसांच्या आत संपणारे होते. सुधारणा होती, परंतु समाधान मानावे अशी नव्हती. तेव्हा आपल्यातील अनेकांना एकाएकी महालेखापरीक्षकाचे वेळ-काळाचे भान सुटले असे वाटू लागले. डोकलामला चीन समोर उभा असताना असा अहवाल मांडावा काय, असे विचारले गेले.

प्रश्न असा आहे, की चिनी सैन्याला आपल्या दारूगोळ्याची टंचाई अहवालातून कळली असती, की पहिल्या बारा दिवसांच्या लढाईतून? आणि अहवालाचा परिणाम काय झाला, तेही सांगितले पाहिजे. त्याच महिन्यात लष्कराच्या उपप्रमुखांना निवडक दारूगोळा आणि सुटे भाग थेट तातडीने खरेदी करण्याचे वाढीव आर्थिक अधिकार देण्यात आले. उरीच्या हल्ल्यानंतर काही तातडीचे करार आधीच झाले होते. सैन्याला जे हवे होते, ते मिळण्याला या अहवालांनी बळच दिले. ज्याला आपण सैन्याविरुद्धचा कागद समजलो, तो वस्तुतः सैन्याच्या मागणीचा सर्वांत मजबूत आधार ठरला!

सियाचीन आणि लडाखची कथा तर याहून बोलकी आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात अतिउंचीवरील जवानांच्या कपड्यांचा आणि आहाराचा हिशेब होता. बर्फाच्या चष्म्यांची तूट ६२ ते ९८ टक्के. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बहुउद्देशीय बूट मिळाले नाहीत आणि जुनेच बूट दुरुस्त करून वापरावे लागले. विशेष शिधा उष्मांकांवर न मोजता किमतीवर मोजला गेला, आणि पर्यायी पदार्थ देताना जवानांच्या पोटात जाणारे उष्मांक काही वेळा ८२ टक्क्यांपर्यंत घटले. ज्या घरात दुपारी मूल उपाशी झोपले तर आईला घास जात नाही, त्या घरातील वाचकांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

अहवाल आला तेव्हा दोन-चार दिवस बातम्या झाल्या. त्यावर ‘सैन्याचे मनोबल खच्ची करणारा’ असा शिक्काही मारला गेला. आणि अवघ्या चार महिन्यांत, जून २०२० मध्ये, गलवान घडले. कर्नल संतोष बाबू यांच्यासह वीस जवान धारातीर्थी पडले. हजारो सैनिक हिवाळाभर लडाखच्या उंचीवर तैनात ठेवावे लागणार हे स्पष्ट झाले आणि थंडीचे कपडे तातडीने परदेशातून मागवावे लागले. शत्रूने आपल्याला चार महिन्यांची मुदत दिली होती, ती आपण अहवालावर रागावण्यात घालविली.

१९६२ चा अनुभव असलेल्या देशाने असे करावे, याचे विशेष वाटते. थागला कड्याखाली सुती गणवेश आणि कॅनव्हासच्या बुटांत उभ्या केलेल्या जवानांची कहाणी महाराष्ट्राला माहीत आहे. त्या पराभवानंतरच यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीला बोलावले गेले. त्या पराभवाचा शोध घेणारा हेंडरसन ब्रुक्स आणि प्रेमिंद्रसिंग भगत यांचा अहवाल मात्र आजतागायत एकाही सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. यांत काँग्रेसची सरकारे होती तशी बिगरकाँग्रेसचीही होती. झाकण्याच्या बाबतीत आपल्या देशात विलक्षण सर्वपक्षीय एकमत आहे.

पहिला अध्याय तर स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच वर्षी लिहिला गेला. काश्मीरच्या युद्धासाठी लंडनमधील उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला सारून सुमारे ८० लाख रुपयांचा जीपगाड्यांचा व्यवहार केला. १५५ जीप आल्या, त्या वापरण्याच्या लायकीच्या नव्हत्या. संसदेत गदारोळ झाला, चौकशीच्या मागण्या झाल्या. १९५५ मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी प्रकरण संपल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी मेनन मंत्रिमंडळात आले आणि १९५७ मध्ये संरक्षणमंत्री झाले. १९६२ ला तेच त्या खुर्चीवर होते. एका जीप व्यवहाराचा हिशेब वेळेवर झाला असता तर इतिहास बदलला असता, असा दावा मी करणार नाही. पण हिशेब टाळणाऱ्याला बढती मिळते, हा धडा दिल्लीच्या सचिवालयाने त्या दिवशी शिकला आणि तो अजून विसरलेला नाही.

बोफोर्सवर आपल्या पिढीने इतके लिहिले आहे, की येथे विस्तार नको. मार्च १९८६ चा ४०० तोफांचा १४३७ कोटींचा करार, एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओने फोडलेले बिंग, जुलै १९८९ मध्ये महालेखापरीक्षक त्रिलोकीनाथ चतुर्वेदी यांच्या अहवालाने दाखविलेले निवडप्रक्रियेतील दोष आणि त्यावर विरोधी खासदारांनी दिलेले सामूहिक राजीनामे. त्या वेळी चतुर्वेदींचा अहवाल आपल्याला राष्ट्रकार्य वाटला होता. सत्ताधारी मात्र त्यांच्या हेतूंवर शिंतोडे उडवीत होते. (चतुर्वेदी पुढे भारतीय जनता पक्षातर्फे राज्यसभेत गेले आणि कर्नाटकाचे राज्यपालही झाले.) म्हणजे अहवाल मांडणे देशभक्ती की देशद्रोह, हे सत्तेत कोण आहे त्यावर ठरवायचे काय? असे ठरत असेल, तर आपल्यात आणि त्या वेळच्या दरबारी मंडळींत फरक तो काय राहिला?

बोफोर्सची दुसरी बाजू अधिक क्लेशदायक आहे. तोफ चांगली होती, कारगिलच्या शिखरांवर तिने स्वतःला सिद्ध केले. पण दलालीच्या चिखलाने सारी खरेदीच गोठली. कोणी सही करीना. नव्या परदेशी बनावटीच्या तोफा सैन्यात औपचारिकपणे दाखल झाल्या त्या नाशिकजवळच्या देवळालीत, नोव्हेंबर २०१८ मध्ये. तीन दशके! आधी लाच खाल्ली म्हणून जवानाचे नुकसान, आणि नंतर लाचेच्या भीतीने कोणी काहीच विकत घेतले नाही म्हणून पुन्हा त्याचेच नुकसान. हे दुष्टचक्र तोडायचे तर हिशेब व्यवहार चालू असतानाच, टप्प्याटप्प्याने आणि वेळेवर झाला पाहिजे. पंधरा वर्षांनी केलेला हिशेब हा हिशेब नसून शवविच्छेदन असते. अतिविशिष्ट व्यक्तींसाठीच्या बारा हेलिकॉप्टरांचा फेब्रुवारी २०१० चा करार जानेवारी २०१४ मध्ये रद्द झाला, त्यातही उंचीच्या अटी कशा बदलल्या गेल्या हे महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये दाखविले, तेव्हा करार होऊन तीन वर्षे लोटली होती.

आता आपल्या अंगणाकडे येऊ, कारण शेजाऱ्याचे अंगण झाडून झाले. मार्च २००१ मध्ये ‘तहलका’ने केलेल्या चित्रीकरणात शस्त्रास्त्रांच्या बनावट दलालाकडून एक लाख रुपये स्वीकारताना भाजपचे तत्कालीन अध्यक्ष बंगारू लक्ष्मण दिसले. २०१२ मध्ये न्यायालयाने त्यांना चार वर्षांची शिक्षा सुनावली. त्या चित्रीकरणाच्या पद्धतीवर आक्षेप घेता येतील, घेतलेही गेले. तरी ती नोट घेणारा हात आपल्या परिचयाचा होता, ही शरम पद्धतीच्या चर्चेने धुऊन जात नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात ‘ऑपरेशन विजय’च्या खरेदीवरचा अहवाल आला. शवपेट्यांच्या खरेदीचा एक भाग त्यात होता. अमेरिकेतील कंपनीकडून मागविलेल्या पाचशे ॲल्युमिनियमच्या पेट्या, त्यांची किंमत, त्यांचे वजन, आलेल्या दीडशे पेट्यांचा दर्जा. झाले! काँग्रेसवाल्यांनी संसदेत ‘कफनचोर’ची आरोळी ठोकली आणि जॉर्ज फर्नांडिस यांच्यासारख्या, साध्या राहणीसाठी ओळखल्या जाणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षे त्या शब्दाने टोचले. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने चौकशी केली, आरोपपत्र दाखल केले. डिसेंबर २०१३ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपींना दोषमुक्त केले आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यासंबंधीची याचिका फेटाळली. आरोळी ठोकणाऱ्यांपैकी कोणी जॉर्जची क्षमा मागितल्याचे स्मरत नाही.

पण या गोंगाटात अहवालाचे मर्म कोणी वाचले? त्याचा गाभा शवपेट्या हा नव्हता. युद्धासाठी म्हणून तातडीने केलेल्या खरेदीतील बहुतांश माल युद्ध संपल्यानंतर आला, हा होता. नियम शिथिल करण्याची सबब तातडी ही होती, आणि तातडी तर साधलीच नाही. काँग्रेसला तो मुद्दा नको होता, कारण पेटीत अधिक राजकीय मसाला होता. आपल्याला तो नको होता, कारण सरकार आपले होते. राहिला तो जवान, त्याला विचारतो कोण? त्या अहवालाची खरी चर्चा तेव्हाच झाली असती, तर तातडीच्या खरेदीची पद्धत २०१६ आणि २०२० मध्ये पुन्हा घाईघाईने उभारावी लागली नसती.

गुप्ततेचा मुद्दा खरा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. कोणत्या कोठारात किती तोफगोळे आहेत, हे चव्हाट्यावर येऊ नये. फेब्रुवारी २०१९ मध्ये राफेलच्या ३६ विमानांवरील अहवालात किमतीचे आकडे झाकून ठेवले गेले. २०२० मध्ये तत्कालीन महालेखापरीक्षकांनी संरक्षणविषयक अहवाल संकेतस्थळावर न टाकण्याचे समर्थन करताना, ते बीजिंग आणि इस्लामाबादेत बसून कोणीही वाचू शकतो, असे कारण दिले. मान्य करू. परंतु राफेलच्या उदाहरणातच उत्तरही आहे. आकडे जनतेपासून झाकले, लेखापरीक्षकापासून नव्हे. त्याने ते पाहिले, ताडले आणि आधीच्या प्रस्तावापेक्षा करार २.८६ टक्क्यांनी स्वस्त पडल्याचा निष्कर्ष दिला. लोकलेखा समितीही बंद दाराआड बसू शकते. म्हणजे गुप्तता हे प्रसिद्धी न करण्याचे कारण होऊ शकते, तपासणी न करण्याचे नाही. या दोहोंत जो गल्लत करतो, तो एकतर अजाण असतो किंवा त्याचा माल तळाशी कुजलेला असतो.

युद्धकाळात हिशेब मागू नये, असेही म्हटले जाते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने नेमके उलटे केले. १९४१ मध्ये हॅरी ट्रुमन या सिनेटरच्या अध्यक्षतेखाली संरक्षण कंत्राटांची चौकशी करणारी समिती नेमली गेली. सुरुवातीची तरतूद होती अवघी पंधरा हजार डॉलर्स. युद्ध चालू असताना समिती छावण्या, कारखाने, गोद्या धुंडाळीत राहिली आणि तिने वाचविलेला पैसा अब्जावधी डॉलर्समध्ये मोजला गेला. ट्रुमनना कोणी देशद्रोही म्हटले नाही, उपाध्यक्ष केले. त्याच अमेरिकेचे संरक्षण खाते २०१८ पासून २०२४ पर्यंत दरवर्षी संपूर्ण लेखापरीक्षणात नापास होत आले, हेही खरे आहे. पण नापास झाल्याचे ते जाहीर करते. चीनमध्ये काय होते, पाहा. लष्कराच्या शस्त्रखरेदी विभागाचे प्रमुख राहिलेले ली शांगफू संरक्षणमंत्री झाले, ऑक्टोबर २०२३ मध्ये पदावरून दूर केले गेले आणि जून २०२४ मध्ये लाचखोरीच्या ठपक्यासह पक्षातून काढले गेले. जेथे स्वतंत्र लेखापरीक्षक नसतो तेथे कीड अशी संरक्षणमंत्र्याच्या खुर्चीपर्यंत पोचते आणि तोवर कोणाला पत्ता नसतो.

आणि आपली परंपरा काय सांगते? हिशेब ही इंग्रजांनी दिलेली देणगी आहे, असे समजणाऱ्यांनी कौटिल्य उघडावा. अक्षपटल म्हणजे लेख्यांचे कार्यालय, आषाढात सर्व खात्यांनी मोहोरबंद हिशेब घेऊन हजर व्हायचे, अपहाराचे चाळीस प्रकार मोजून दिलेले! आयुधागाराच्या अध्यक्षाने शस्त्रे वेळोवेळी हलवावीत, ऊन दाखवावे, ओल आणि किडीपासून जपावीत, इतका तपशील त्यात आहे. पाझरणाऱ्या सुरुंगांच्या कोठारात हा अध्याय भिंतीवर लावायला हवा होता.

शिवछत्रपतींचे १६७३ चे चिपळूणच्या छावणीला लिहिलेले पत्र तर आपण दरवर्षी शिवजयंतीला ऐकतो. रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावू नये, एवढेच आपण त्यातून उचलले. ते पत्र मुळात पुरवठ्याविषयी आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणागोटा, वैरण हात राखून वापरा, आताच उधळाल तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि मग तुम्ही रयतेला लुबाडाल, हा त्याचा ओघ आहे. आणि आगीची चिंता! कोणी आगट्या पेटवील, चिलीम ओढील, रात्री दिवा जळत राहील आणि उंदीर पेटती वात घेऊन जाईल, गवताच्या गंजी पेटतील, असे बारकावे राज्याच्या धन्याने आपल्या लष्करी अंमलदारांना लिहिले. ज्यांच्या तलवारीवर पोवाडे रचले गेले, तो राजा उंदराने नेलेल्या वातीचा विचार करीत होता. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तिघे नेमून कोणा एकाच्या हाती किल्ला आणि कोठार राहू न देणे, अष्टप्रधानांत जमाखर्च तपासणाऱ्या मुजुमदाराला म्हणजे अमात्याला स्थान देणे, हे सारे त्याच दृष्टीचे. तेव्हा लढवय्यांचा अपमान झाला असे कोणा मावळ्याने म्हटल्याची नोंद नाही.

संरक्षणाचा अर्थसंकल्प २०२५-२६ साठी ६.८१ लाख कोटी रुपयांचा होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये ४१ आयुध निर्माणींचे सात सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले. दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्यात, दुसऱ्या एका कंपनीचे नागपुरात. स्वदेशी उत्पादन वाढते आहे, खासगी कारखाने पुढे येत आहेत आणि ते स्वागतार्हच आहे. परंतु स्वदेशीचा शिक्का हा गुणवत्तेचा दाखला नव्हे. ‘धनुष’ या स्वदेशी तोफेसाठी जर्मन म्हणून पुरविलेली बेअरिंग चिनी असल्याच्या आरोपावरून २०१७ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाला गुन्हा नोंदवावा लागला होता. जेवढी स्वदेशी अधिक, तेवढी तपासणी अधिक कडक हवी, कारण येथे फसलो तर ठपका ठेवायला परकी कंपनीही उरत नाही.

सहकार खात्यात लेखापरीक्षण झाले की काम संपत नाही. दाखविलेल्या प्रत्येक दोषाबद्दल सोसायटीला दोष-दुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. तो न देणाऱ्या सोसायटीच्या सचिवाची जी त्रेधा उडते, ती मी भोगलेली आहे. दिल्लीतही तशीच व्यवस्था आहे. अहवाल संसदेत आल्यापासून चार महिन्यांत संबंधित मंत्रालयाने कार्यवाहीचे टिपण सादर करावे, असा दंडक आहे. केनवडच्या सोसायटीला जे चुकत नाही, ते संरक्षण मंत्रालयाला चुकू नये, एवढीच अपेक्षा आहे.

त्या कार्यक्रमानंतर चार दिवसांनी तो तरुण वक्ता माझ्याकडे आला. हवालदारसाहेबांनी त्याला बहुधा काही सांगितले असावे. थोडा नाराज होता. मी त्याच्यापुढे २०१५, २०१७ आणि २०२० च्या अहवालांवरची माझी कात्रणे ठेवली. तो बराच वेळ वाचत बसला. मग त्याने विचारले, “काका, या आकड्यांचं पुढं काय झालं, हे कुठं कळतं?” मी म्हटले, आपल्या खासदाराला विचारायचे, तो त्याचाच अधिकार आहे. आम्ही दोघांनी मिळून पत्र लिहिले. सियाचीनच्या बुटांच्या आणि चष्म्यांच्या तुटीबाबत कार्यवाहीचे टिपण सादर झाले काय, झाले असल्यास केव्हा, पुलगावच्या आगीनंतर सदोष सुरुंगांची विल्हेवाट पूर्ण झाली काय, आणि निकामी दारूगोळा उतरविण्यासाठी रोजंदारीचे मजूर आजही लावले जातात काय. पत्रावर पहिली सही हवालदारसाहेबांनी केली, नावाखाली आपला जुना सैनिक क्रमांक घालून. दुसरी त्या तरुणाची. ते रिसोडहून नोंदणीकृत टपालाने गेले आहे आणि पोहोच-पावतीची वाट पाहतो आहोत.